बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही

गेल्या वर्षी वडील वारले. तेराव्यानंतर घरातली कागदपत्रे काढायला बसलो, तेव्हा सातबारा, सोसायटीचे खाते, विम्याची पॉलिसी आणि पासबुके यांच्या खाली कापडात गुंडाळलेले बंदुकीच्या परवान्याचे पुस्तक सापडले. बंदूक माजघरातल्या कपाटात होती. बारा बोअरची ही दुनळी आजोबांनी घेतली होती आणि त्यांच्यानंतर ती वडिलांच्या नावावर झाली. आमचे गाव सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. भुईमुगात आणि भातात रानडुकरे शिरत, म्हणून राखणीसाठी घेतलेली ही बंदूक पुढे फक्त खंडेनवमीला बाहेर निघे. तिला तेलपाणी व्हायचे, हळदकुंकू लागायचे आणि ती परत कपाटात जायची.

आमच्याकडे अशी समजूत आहे की बंदूकही जमिनीसारखीच असते: वारसनोंद घातली की विषय संपला. मीही तसेच समजत होतो. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देताना याच्याबरोबर बंदुकीचेही उरकेल, असे मनात होते. नंतर लक्षात आले की या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. वस्तू म्हणून बंदुकीची मालकी वारसांकडे येते, परंतु ती जवळ बाळगण्याचा अधिकार परवान्याने मिळतो, आणि परवाना हा त्या माणसापुरता असतो. माणूस गेला की परवानाही संपतो. त्यामुळे वडिलांनी जिथे ठेवली तिथेच बंदूक पडून असली, कोणी तिला हात लावला नसला, तरी तिच्या मागे उभा असलेला कायदेशीर आधार त्या दिवशीच सरलेला असतो.

आता घरात मागे राहिलेली माणसे कोण असतात, याचा विचार करा. दुःखात असलेली आई आणि पाहुण्यांची ऊठबस सांभाळणारी सून. यांच्यापैकी कोणालाही आपण विनापरवाना शस्त्र बाळगून आहोत याची कल्पना नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना बंदूक बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. बंदूक प्रत्यक्ष हातात असलीच पाहिजे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितले आहे की ताब्याला जाणीव हवी, पण वस्तू दुसरीकडे असूनही तिच्यावर नियंत्रण असेल तर तोही ताबाच. कपाटाची किल्ली ज्याच्या करगोट्याला, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

आम्ही आधी ठाण्यात लेखी कळवले आणि मग बंदूक जमा केली. स्वतःहून पिशवीत घालून एसटीने निघण्यापेक्षा हा मार्ग बरा. बंदुकीबरोबर काडतुसेही द्यावी लागतात, कारण दारूगोळ्यालाही परवाना लागतो. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सात काडतुसे निघाली. दमटपणाने ती फुगली होती आणि पितळी बुडांवर हिरवट थर चढला होता. पोच लिहून घेताना एक भानगड झाली. नळीखाली कोरलेल्या क्रमांकातला आठचा आकडा परवान्याच्या पुस्तकात तीन असा लिहिलेला होता. कुठल्या तरी नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी पुसट आठ तीन म्हणून उतरवला आणि पुढची प्रत्येक नोंद तीच चूक गिरवत गेली. वडिलांनी किती वेळा ती बंदूक पुसली असेल, पण आकडे कधी ताडून पाहिले नाहीत. मी पोचपावतीवर दोन्ही क्रमांक लिहून घेतले. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढे एक काम जरूर करावे.

जमा केली म्हणजे गेली, असा धसका आईने घेतला होता. तसे नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला तर तो ती परत घेऊ शकतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकू शकतो. मुदत टळली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होते.

मला खरी चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ आहे. त्याप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतोच, परंतु परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले आणि बंदूक त्यांच्याकडे पंचवीसहून कितीतरी अधिक वर्षे होती. म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. पण आपल्याकडे बापासमोर वारसाचा विषय काढणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणे, असे मानले जाते, त्यामुळे तो विषय कोणी काढलाच नाही. माझे स्पष्ट मत आहे की हा नियम प्रत्येक परवान्याच्या नूतनीकरणावेळी परवानाधारकाला तोंडी नव्हे, लेखी सांगितला गेला पाहिजे. मृत्यूच्या दाखल्यासोबतही एक साधी सूचना जोडता येईल.

जुन्या वाड्यांतल्या ठासणीच्या बंदुकांबद्दल आणखी एक गैरसमज आहे. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशी संस्थाने आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत होती, त्यामुळे भिंतीवर टांगलेली बंदूक ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. ‘ती तर पणजोबांची, तिला कसला परवाना?’ असे लोक बिनदिक्कत म्हणतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे हे खरे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे असेल तरच. गावच्या लोहाराने दोन दिवसांत जिचा घोडा बसवून दिला असता, ती बंदूक या सुटीत बसत नाही. केवळ वय मोजून भागत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे पुरातन वस्तूंच्या) कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू आपल्याला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा परदेशातल्या चुलतभावाला ती आठवण म्हणून पाठवण्याचा विचारही करू नये.

परवान्याचा अर्ज आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. वारस एकवीस वर्षांचा हवा, त्याची पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि इतर वारसांची ना हरकत लागते. २०१९ पासून सर्वसाधारणपणे एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनातच मोजली जाते. आमच्यापुरता आणखी एक पेच आहे. गाव कोयना अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येते, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार एवढ्या अंतरात नवा शस्त्रपरवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. वडिलांची बंदूक जुनी असली तरी माझ्या नावाचा परवाना नवाच ठरणार, असे गृहीत धरून मी चाललो आहे.

ना हरकतीचे प्रतिज्ञापत्र घेऊन मी तासगावला ताईकडे गेलो. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिने काही न बोलता सही केली होती, आणि त्याचे ओझे आजही माझ्या मनावर आहे. या वेळी तिने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “दादा, हरकत नाही म्हणून सही देते, पण अर्ज माझ्या नावाने का नको? मी वारस नाही का?” वारस ती आहेच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, शस्त्र नियमांत वारस म्हणजे फक्त मुलगा असे कुठे म्हटलेले नाही, आणि तासगाव तर कोयनेपासून कितीतरी लांब आहे. मी जेवून निघालो तेव्हा प्रतिज्ञापत्र तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी तिला कोऱ्या अर्जाचा नमुना पाठवला आहे, तिच्या नावाचा.