गाडीत बसून तुमचा कॅमेरा कुणी बघत नाहीये, काका

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय. "घरात वायरलेस कॅमेरा लावू नका, बाहेर गाडीत बसलेला माणूस स्वस्तातल्या रिसीव्हरवर तुमचं घर बघतो, मायक्रोवेव्ह लावला की चित्रात मुंग्या येतात आणि नेट गेलं की कॅमेरा ठार." सकाळपासून अकरा जणांनी हात जोडलेत त्याला. मला राहवेना.

रिसीव्हरचं आधी. ही गोष्ट एकेकाळी खरीच होती, जुने ॲनालॉग वायरलेस कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चित्र उघडंच सोडायचे, रेडिओ स्टेशनसारखं, तोच चॅनल ज्याने लावला त्याला दिसणार. डिजिटलमध्ये तसं नाही. फुल एचडीचं कच्चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर जवळपास १२४ कोटी बिट होतात, घरातलं साधं वायफाय एवढं कुठून नेणार, म्हणून कॅमेऱ्यातली चिपच ते एच.२६४ नावाच्या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीने दाबून सेकंदाला साधारण २ ते ४ मेगाबिटवर (म्हणजे २० ते ४० लाख बिटवर) आणते, मग त्याची छोटी छोटी पॅकेट होतात आणि डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा-पद्धतीचं कुलूप लागूनच ती हवेत जातात. गाडीतल्या माणसाला पॅकेट मिळतील हो, पण चावी नाही तर नुसता भुसा.

आता मुंग्या. डिजिटलमध्ये मुंग्या येतच नाहीत, एकतर चित्र स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन अडकतं. पण मायक्रोवेव्हचं मात्र खरंय, तोही २.४ च्याच आसपास चालतो आणि थोडं बाहेर गळतं. आईकडे लोकमान्य नगरात बघितलंय मी, आई कालचे पोहे गरम करत होती (इंदूरात राहून मायक्रोवेव्हमध्ये पोहे, माहितीये, पाप आहे) आणि इकडे मोबाईलवर दूधवाला फाटकात एक पाय हवेत ठेवून उभा, दहा-बारा सेकंद तसाच, मग एकदम पातेल्यात दूध ओतताना दिसला. राउटर ओव्हनच्या शेजारी फ्रीजवर होता, तो हॉलमध्ये आणला, संपलं. आणि खोक्यावर लिहिलेले रेंजचे ३०० मीटर मोकळ्या मैदानातले असतात बरं का, आजोबांच्या काळच्या दीड फुटी भिंतीतले नाहीत.

नेटचं म्हणाल तर कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर रेकॉर्डिंग बहुतेक चालूच राहतं, फक्त बाहेरून बघता येत नाही. लाइट गेली तर मात्र खरंच ठार, इन्व्हर्टर किंवा कॅमेऱ्यातच बॅटरी नसेल तर.

फॉरवर्डवाल्याला न सुचलेली एक गोष्ट मीच सांगतो. सिग्नल चोरून बघणं अवघड असलं तरी तो जाम करणं तेवढं अवघड नाही, म्हणून सराफ्यात दुकान असतं तर मी वायरचाच लावला असता. आणि घरात घुसायचं असेल तर चोर हवेतून कशाला येईल, तो पासवर्डमधून येतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते, कंपनीतून आलेले यूझरनेम-पासवर्ड लावून बघत बघत.

तर काका, दिवाळीत तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड विचारला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर "ॲडमिन, आणि पुढे एक दोन तीन" असं जोरात सांगितलं होतंत. रविवारी येतो, बदलून टाकू. पोह्यांवर आपला इंदुरी जिरावन मसाला जरा जास्त घाला, आणि ताजे करा.