त्याच्या हातातून आधी गिटार काढून घ्या

रॉकवाला सिनेमात दिसला रे दिसला की आपल्याकडे लगेच सुरू होतं, गाणं चालेना म्हणून आता ऍक्टिंगच्या मागे लागला. मला हे ऐकलं की खरंच राग येतो, कारण असं बोलणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्याचं काम बघितलेलंच नसतं.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या ना. 2008 चा रॉक ऑन आठवतोय? त्यात कीबोर्ड वाजवणारा रॉब म्हणजे ल्यूक केनी, आपल्या इथल्या रॉक सीनमधून आलेला माणूस. काम छान केलं होतं त्याने, पण तेव्हा सगळे म्हणाले, अरे तो तर आहेच तसा, त्यात ऍक्टिंग कसली. मग 2018 मध्ये सेक्रेड गेम्स आलं आणि त्यात हाच माणूस माल्कम झाला, थंड डोक्याने माणसं मारणारा, फारसं न बोलणारा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी सगळे एपिसोड बघून टाकले तरी त्यांना पत्ता नाही की हा तोच रॉब. मी सांगितलं तर गुगल करून बघितलं त्यांनी. आता हे नट असणं नाही तर काय आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की संगीतकाराला नट म्हणून जोखायचं असेल तर आधी त्याच्या हातातलं वाद्य काढून घ्या. रॉकस्टारला रॉकस्टारचाच रोल दिला तर ना त्याची परीक्षा होते ना बघणाऱ्याची.

आणि ही परीक्षा सोपी नसते हां. 1986 ला आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा फेस्टिव्हल, सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं धोबीतलावच्या रंगभवनात ज्यांनी तो बघितलाय त्यांना माहितीये, उघड्यावरचं थिएटर, झेवियर्सला लागून, समोर नुसती घामेजलेली पोरं, तिथे फ्रंटमॅनला, म्हणजे बँडच्या पुढे उभं राहून गाणाऱ्याला, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं असतं म्हणून तो सगळंच मोठं करतो, हात वर म्हणजे पूर्ण वर. (नंतर सायलेन्स झोनमध्ये ते रंगभवन गप्प झालं, त्याचं दुःख वेगळं, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.) आता ह्याच माणसाला क्लोजअपमध्ये बसवा. कॅमेरा तोंडासमोर, तिथे नुसती भुवई उचलली तरी जास्त होतं. वर सीन उलटसुलट क्रमाने शूट होणार, सकाळी शेवट आणि दुपारी सुरुवात, समोर पब्लिक नाही, टाळी नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरसारखा स्टेज पेटवणारा गायक 1970 च्या नेड केली सिनेमामध्ये हिरो होता आणि त्याच्यावर भरपूर टीका झाली. त्यामुळे स्टेजवर भारी म्हणजे पडद्यावर भारी, असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण मग ब्रिटिश रॉकस्टार डेव्हिड बोवी बघा. हा माणूस माझ्यासाठी ह्या विषयातला शेवटचा शब्द आहे. मोठा स्टार होण्याच्या आधी तो लिंडसी केंपकडे माइम शिकलेला, म्हणजे तोंडातून शब्द न काढता अंगाने बोलायचं शिक्षण घेतलेलं. 1976 ला निकोलस रोगच्या द मॅन हू फेल टू अर्थमध्ये तो परग्रहावरून आलेला माणूस झाला. 1980 ला ब्रॉडवेवर द एलिफंट मॅन केलं, शरीर विद्रूप झालेल्या माणसाचं काम, आणि चेहऱ्यावर कसलाही जादा मेकअप नाही, नुसतं अंग वाकवून आणि आवाज बदलून. 2006 ला नोलनच्या द प्रेस्टीजमध्ये निकोला टेस्ला. आधी नाही म्हणाला होता, नोलनने स्वतः जाऊन मनवलं. परग्रहवासी, रोगी, शास्त्रज्ञ, यात गिटार कुठे आहे सांगा!

आणि आपण मराठी माणसांनी तरी ह्याला नाकं मुरडू नयेत. आपली अख्खी संगीत रंगभूमी गायक-नटांवर उभी होती. 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केलं ते आपण आजही अभिमानाने सांगतो. त्याच बालगंधर्वांना 1935 ला शांतारामबापूंनी धर्मात्मामध्ये संत एकनाथ केलं. ज्यांचा शालू आणि पदर बघायला महाराष्ट्र लोटत होता त्यांना सरळ पुरुषाच्या वेषात कॅमेऱ्यासमोर उभं केलं! केवढी हिंमत लागली असेल, दोघांनाही.

हे सगळं आज का लिहितोय, तर माझा एक मित्र बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि गेली काही वर्षं वर्सोव्याला आरामनगरात, जिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत, ऑडिशन देत फिरतो. आत गेलं की ठरलेलं असतं, नाव, उंची, वय, लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल, आणि मग समोरचा विचारतो, गिटार नाही आणली? रोल काय तर नशा करणारा बँडवाला, नाहीतर पार्टीत मागे वाजवणारा. एकदा एका शॉर्टफिल्ममध्ये त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केलं, समोरची बाई थकलेल्या मेंटेनन्सवरून त्याला झापतेय आणि हा फक्त ऐकतोय. अहो काय ऐकतो तो! तिचं वाक्य संपायच्या जरासं आधी मान खाली घालतो, बरोब्बर तिथेच. मी त्याला विचारलं हे कसं सुचलं, तर म्हणाला, बेसवाल्याचं कामच ते, ड्रमरकडे कान लावून बसायचं आणि आपली जागा आली की यायचं.

मान्य, फॉलोअर्स बघून गायकाला उचलायचं आणि वर्षानुवर्षं एकांकिका करून घासलेल्या पोराला बाहेर बसवायचं, हा अन्यायच आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. पण त्याचा राग काढायचा तर तशी निवड करणाऱ्यांवर काढा, जो मन लावून काम शिकतोय त्याच्यावर कशाला?

आणि ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी नागिसा ओशिमाचा 1983 चा मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स जरूर बघा. जपान्यांच्या ताब्यातल्या युद्धकैद्यांचा कॅम्प, कैदी बोवी, आणि कॅम्पचा कॅप्टन रुइची साकामोतो, तोही मुळात संगीतकारच, पडद्यावर पहिल्यांदाच, आणि सिनेमाचं म्युझिकही त्याचंच. सगळे कैदी रांगेत उभे असताना बोवी चालत पुढे येतो आणि त्या कॅप्टनच्या दोन्ही गालांवर ओठ टेकतो, तो सीन बघा आणि मग मला सांगा यातला कोण गाणं चालेना म्हणून आला होता.