इंदूरला गौरीजेवणासाठी येणाऱ्या पाहुण्यांस सूचना

इंदूरच्या मराठी घरी गौरी जेवायला यायचे असेल, तर ‘तुम्ही आता इकडचेच झालात’ हा निकाल पुण्याहून निघतानाच ठरवून आणावा. यंदा आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्यांनी हे काम उंबरठ्यावरच उरकले. पाटावर खड्यांच्या गौरी दिसताच ते म्हणाले, ‘उभ्या नाहीत? आपल्यात असं नसतं.’ त्यांचा कित्ता गिरवावा.

घराणे होळकरांच्या काळात इकडे आले हे ऐकून झाल्यावर ‘म्हणजे मूळचे कुठले?’ असे विचारावे.

हिंदीभाषक शेजाऱ्यांचे पंचांग चुकीचे ठरवावे; त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा आपला फाल्गुन वद्य पक्ष चालू असतो आणि त्यांचा चैत्र कृष्ण पक्ष. तिथी एकच, अंगावर पडणारा रंगही एकच. वडाची पूजा मात्र शेजारीण अमावास्येला करते आणि आपली सून पंधरा दिवसांनी पौर्णिमेला, तेव्हा दोघींपैकी कोणाचा नवरा अधिक जगेल याचाही निवाडा तुम्हीच द्यावा.

सराफ्यातली, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातली, साबुदाण्याची खिचडी परतलेली नसून वाफवलेली असते, म्हणून नाक मुरडावे; साबुदाण्याचा कंदच मुळात दक्षिण अमेरिकेतला आहे, हे कोणाला कळू देऊ नये.

स्वतःच्या गावात चुकूनही डोकावू नये. डोकावलात, तर खड्यांच्या गौरी कोकणस्थांच्या कित्येक घरी पिढ्यानपिढ्या बसतात हे दिसेल. कोकणात कोठे तेरड्याची गौर दिसेल, विदर्भात आणि मराठवाड्यात त्यांनाच महालक्ष्म्या म्हणतात हे कळेल, आणि एका घरी पुरणाचा नैवेद्य असताना दुसऱ्या घरी तिखटाचा, म्हणजे चक्क मटणाचा, दाखवतात हेही ऐकावे लागेल. अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर जेवू घालायच्या आणि मुळावर बोळवायच्या, एवढे सगळीकडे सारखे. बाकी दर चार घरांआड रीत बदलते. मग ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कोणात? तुमच्या सोसायटीत? तुमच्या जिन्यात?

अहो, आमच्या घरची मुलगी तोंडात पाण्याचा घोट धरून, वाटेत कोणाशी अक्षर न बोलता, विहिरीवरून ते खडे घेऊन आली होती. तिच्यादेखत पाटाकडे बोट दाखवताना तुम्हाला काहीच कसे वाटले नाही? पुरणपोळ्या मात्र मागून मागून वाढून घेतल्यात. पुढच्या वर्षी यायचे असेल, तर आमच्या उंबरठ्यावर तुम्हीही तोंडात पाण्याचा घोट धरूनच या.