डंबेल घ्यायला निघालात? काटा घरीच ठेवा

वजनं घेताना वजन बघायचं नसतं, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. मंडईत कांदे घेताना आपण काट्यावरून नजर हलवत नाही, भाजीवाल्याचा अंगठा पारड्याला लागला की आवाज चढतो. पण डंबेलवर '10' असं कोरलेलं असलं की ते दहाच किलो. विमानप्रवासाच्या बॅगा मोजायला घेतलेला तो हुकाचा काटा कपाटातच राहू द्या. दुकानदारासमोर डंबेल काट्याला टांगणं म्हणजे सोयरिकीच्या बैठकीत नवऱ्या मुलाची पगाराची स्लिप मागण्यासारखं आहे. हक्क असतो, पण बरं दिसत नाही. आणि मोजलंतच, तर जोडीतलं एक साडेनऊ भरेल आणि दुसरं सव्वादहा. मग काय कराल? जड ते उजव्या हाताला द्या. जेवतो तोच, थोडं जास्त काम केलं तर काय बिघडलं.

शिवाय लोखंडच हवं असा हट्ट कशाला? प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या छान रंगीत चकत्या मिळतात. तेवढ्याच वजनाला सिमेंट लोखंडाच्या साधारण तिप्पट जागा घेतं, त्यामुळे फोटोत तुम्हीही तिप्पट पहिलवान दिसता. रॉडवर चार चकत्या चढल्या की जागाच संपते, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त उचलण्याची भीती नाही. रंगाचं म्हणाल, तर ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये 25 किलोची चकती लाल, 20 ची निळी, 15 ची पिवळी आणि 10 ची हिरवी असते. तिथे रंगावरून वजन कळतं. आपण रंग हॉलच्या पडद्यांवरून ठरवावा.

आता भोक. चकतीच्या मधल्या भोकाबद्दल चकार शब्द काढू नका, दुकानदारही काढत नाही. ऑलिम्पिक मापाचा पुरुषांचा रॉड 2.2 मीटर लांब, 20 किलो वजनाचा. हाताने धरायचा भाग 28 मिलिमीटर जाड आणि चकत्या चढवायची टोकं 50 मिलिमीटरची. बाजारातला साधा रॉड टोकापासून टोकापर्यंत साधारण 28-30 मिलिमीटरच. म्हणजे चकत्यांच्या भोकांचीही दोन मापं आली, आणि एकाची चकती दुसऱ्याला चालत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, हे मी माझं नशीब समजतो. रॉड एका दुकानातून घेतला, चकत्या दुसरीकडे सेलमध्ये मिळाल्या. घरी येऊन चढवल्या तर बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारख्या हलायला लागल्या. मग सायकलची जुनी ट्यूब कापून रॉडला गुंडाळली. चांगली घट्ट बसली. अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी संध्याकाळी डावीकडची चकती सुटली, डाव्या बाजूचं वजन गेल्याबरोबर उजवी बाजू खाली आदळली आणि तिथलीही सुटली. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, हातात छताच्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा घेऊन. काही बोलल्या नाहीत. तुकडा आमच्या चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि गेल्या.

रॉडवर हात घसरू नये म्हणून खरखरीत नक्षी काढलेली असते. पिंपरी-चिंचवडचा कुठलाही टर्नर तिला नर्लिंग म्हणेल. ती टाळा, तळहाताला घट्टे पडतात आणि ऑफिसात लोक विचारतात. गुळगुळीत चकचकीत रॉड घ्या. त्यात चेहरा दिसतो.

बेंचवर 'क्षमता 300 किलो' असा स्टिकर असतो. त्यात तुमचं स्वतःचं वजन धरलंय का, हे विचारायला जाऊ नका. तुमचं वजन हा नाजूक विषय तुम्हीच कशाला काढता? बेंच हलवून बघू नका, बोल्ट मोजू नका. रॅकला त्या दोन आडव्या दांड्या असतात ना, रॉड हातातून निसटला तर छातीऐवजी त्यांच्यावर पडावा म्हणून? त्या वगळल्या की रॅक स्वस्तात पडतो. रॉड छातीवर अडकलाच, तर घरच्यांना हाक मारायची. आमच्याकडे सासूबाई हमखास असतात. फक्त मालिका ब्रेकला लागेपर्यंत 60 किलो छातीवर घेऊन शांत पडून राहावं लागतं.

कुणी म्हातारं माणूस मध्येच तालमीचं काढेल. तालमीत काय असायचं? लाल माती, मुद्गल, करेल, जोर-बैठका. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. तो म्हणजे जमिनीत रोवलेला एक लाकडी खांब आणि त्याला एरंडेल. ना हप्ते, ना वॉरंटी. खाशाबा जाधव याच मातीतून 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आता बघा, मोबाइलला जोडणारं ब्लूटूथचं डंबेल त्यांच्याकडे असतं तर सोनं कुठे गेलं होतं! तेव्हा तुम्ही ते घ्याच. तीनदा उचललं की मोबाइल टाळ्या वाजवतो.

एवढी काळजी घेऊन केलेली खरेदी दोनेक वर्षं घरात टिकते. मग दिवाळीची साफसफाई येते. आमच्याकडे आलेल्या भंगारवाल्याच्या खिशात लोहचुंबक होतं आणि खांद्याला हुकाचा काटा. त्याने आधी निळ्या चकतीला चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं. "साहेब, यात सिमेंट हाय," म्हणाला आणि चकती पायाने बाजूला सारली. मग डंबेल काट्याला टांगलं, डोळ्यांसमोर धरलं.

"नऊ किलो चारशे."

"अहो, त्यावर दहा लिहिलंय."

त्याने वाकून बघितलं. "लिवलंय खरं," म्हणाला, आणि नऊ किलो चारशेचे पैसे माझ्या हातावर ठेवले.