भोक तांबं पाडत नाही, पूड पाडते

इजिप्तच्या मध्य राज्यकाळातल्या (सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या) अ‍ॅमेथिस्ट स्कॅरबांना (म्हणजे जांभळ्या स्फटिकातल्या, शेणकिड्याच्या आकाराच्या ताईतांना) 'तांब्याच्या टोचणीने' भोकं पाडत, हे एका लेखातलं विधान पटलं नाही. मोह्‌ज कठीणपणाच्या मापावर तांबं 3, अ‍ॅमेथिस्ट 7; नुसत्या तांब्याने साधा ओरखडाही उठणार नाही. कमानीने फिरवलेल्या सामत्याच्या, म्हणजे भोक पाडायच्या अवजाराच्या, टोकाशी कठीण खनिजाची पूड घालायची, तिचे कण मऊ धातूत रुततात आणि तेच दगड झिजवतात. एकाच बाजूने आरपार गेलं तर बाहेर पडताना कडेचा टवका उडतो, म्हणून डोक्याकडून आणि शेपटाकडून असं दोन्ही बाजूंनी पाडायचं. मधे ती भोकं क्वचितच नेमकी जुळतात, तिथे पायरी राहते. अ‍ॅमेथिस्ट पारदर्शक असेल तर ती पायरी बाहेरूनही दिसते. भोक टोकापासून टोकापर्यंत गुळगुळीत, एकाच व्यासाचं असेल तर वस्तू आजची असल्याची शंका घ्यावीच.

आणि तोच लेख म्हणतो तसा, तळ कोरा म्हणून स्कॅरब 'अपूर्ण' कसा? बहुतेक स्कॅरब शंखजिऱ्याचे. तो दगड मऊ असतानाच कोरायचा, मग झिलई देऊन भाजायचा, की कठीण होतो. अ‍ॅमेथिस्टवर अक्षरं कोरणं जिकिरीचं, त्यामुळे तळ बरेचदा कोराच ठेवत. काहींना खाली सोन्याचा पत्रा बसवत.