शेवटचं कन्फेशन कधी?

कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून देवाची क्षमा मागायच्या कॅथलिक विधीत, पापं सांगणं सगळ्यात अवघड, असं ज्यांना वाटतं ते एक तर कधी गेलेले नसतात, नाही तर दर महिन्याला जाणारे असतात. पंधरा-वीस वर्षं दांडी मारून परत येणाऱ्या आमच्या जातकुळीला विचारा. ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे,’ इथवर सगळं सुरळीत होतं. त्यापुढचं ‘माझं शेवटचं कन्फेशन होऊन...’ म्हटलं की घशाला कोरड पडते.

वर्षातून एकदा तरी यावं हा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेचा. आठशे वर्षं नोटीस लागलेली असल्यामुळे ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. ‘अठरा वर्षं’ म्हणताना आवाज घरपट्टी थकवलेल्या माणसासारखा होतो. व्याज मात्र लागत नाही, आणि फादर आणि आपल्यामधल्या जाळीपलीकडून बहुधा ‘बरं झालं आलात’ असंच ऐकू येतं.

पण त्याआधी फादर निवडायचे. वसईत हा भाग सगळ्यात नाजूक. आपल्या चर्चचे फादर आपल्याला आवाजावरून ओळखतात, म्हणून माणूस शेजारच्या गावातलं चर्च गाठतो. समजा, निर्मळचा माणूस नंदाखालला निघाला आणि नंदाखालचा निर्मळला. दोघे वाटेत भेटतात, ‘जरा बाजारात चाललोय’ म्हणतात आणि आपापल्या यादीत एकेक खोटं वाढवून पुढे जातात. दुसरा उपाय ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या तोंडावरचा. तेव्हा बाहेरून चार-पाच फादर येऊन एकदम बसतात, त्यामुळे अनोळखी कान मिळतो. पण रांग लांब असते आणि वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. अठरा वर्षांच्या ऐवजाला ती पुरत नाहीत. माझ्या मते साध्या आठवड्यात फादरांकडून वेळ मागून घ्यावी. समोरासमोर बसायची सोय 1973 च्या नव्या विधीपासून आहेच. जाळी हवी असेल तर तो तुमचा हक्क. कन्फेशनच्या लाकडी पेटीत मध्ये फादर आणि दोन्ही बाजूंना माणसं असतील, तर मधली खिडकी सरकल्याशिवाय तोंड उघडू नये. नाही तर आपली पापं लाकडाला सांगून होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता हिशेब. गंभीर पाप प्रकार आणि संख्येसह सांगायचं असतं. गंभीर ठरायला बाब गंभीर हवी, पुरती जाणीव हवी आणि आपखुशी हवी. तिन्ही एकदम. सबळ कारणाशिवाय रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवणं ही गंभीर बाब. अठरा गुणिले बावन्न, म्हणजे 936. त्यातून आजारपणाचे रविवार वजा करत बसणारा अकाउंटंट रांगेत एक तरी असतोच. त्याची गरज नाही. ‘अठरा वर्षं, जवळजवळ दर रविवारी’ एवढं पुरतं. एखादं पाप खरोखरच विसरलं तर तेही माफ होतं, पुढच्या वेळी आठवणीने सांगायचं. मुद्दाम गाळलं तर मात्र सगळं कन्फेशनच फुकट.

गाडी खरी घसरते ती दुसऱ्यांच्या पापांवर. ‘मला राग येतो, कारण भावाने बांध कोरला, वहिनीने त्याला फूस लावली...’ यातलं आपलं एकच, राग. बाकीचं भावाला आणि वहिनीला त्यांच्या रांगेत सांगू द्यावं. आणि बांध आपणच कोरला असेल, तर दगड मागे सरकवावा लागतो. ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणून तो हलत नाही.

मग फादर पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतात. लहानपणी पहिल्या कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेताना, जी झोपेतसुद्धा येत होती, ती आता पहिल्या ओळीत बसून राहते. घाबरू नये. आपल्या शब्दांत ‘चुकलो, पुन्हा न करण्याचा प्रयत्न करीन’ म्हटलं तरी चालतं, आणि अडलं तर फादर पुढची ओळ देतात.

ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही. थेट फोडलं तर ते त्याच क्षणी बहिष्कृत होतात आणि तो बहिष्कार उठवायला प्रकरण रोमला जातं. एवढा कडक बंदोबस्त फादरांसाठी. बाहेरच्या रांगेला कसलंच बंधन नाही. ती आपण आत किती वेळ होतो ते मोजत असते.

आणि प्रायश्चित्त काय? तीन नमो मरिया. 936 रविवारांना तीन! हिशेबी माणसाला हा जवळजवळ अपमानच वाटतो. जरा तरी जड शिक्षा मिळाली असती तर आपल्या पापांना काही वजन आहे असं वाटलं असतं. त्यात या तीन नमो मरियांना एक मिनिटही लागत नाही. लगेच उठावं तर ‘आत पंधरा मिनिटं आणि बाहेर एवढंच?’ असं रांगेच्या तोंडावर दिसतं. फार वेळ गुडघ्यावर राहावं तर मागच्या बाकावरची मावशी शेजारणीला कोपर मारते. चार मिनिटं ठीक. पुढच्या बाकावर बसू नये, खांबाआडचा बाक बघावा.