‘एक एकर, एक घोडा, खर्च शून्य’: हिशेब बसत नाही

सध्या फिरणारा संदेश असा: एकराला कुंपण घाला, घोडा बारा महिने मोकळा सोडा, कडेला नेपियर गवत लावा, घोड्याला चारा फुकट, जमिनीला खत फुकट. घोडा मोकळा हवा, एवढं खरं.

‘चारा फुकट’: 350 किलोच्या देशी घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज 7 किलो वाळला चारा लागतो. वर्षाचा अडीच टन. कोरडवाहू माळाचं एकर एवढं देत नाही. कडबा विकत घ्यावाच लागतो.

‘बारा महिने मोकळा’: गाय जिभेने गवत ओढते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात, तो बुडाशी कातरतो. म्हणून रानाचे चार तुकडे करा. गवत 3 इंचांवर आलं की घोडा हलवा, 6 ते 8 इंच वाढल्यावर परत आणा. काळ्या रानात वाफसा (ओल बेताची) नसताना सोडलात तर गवताचे ठोंब उखडतात, खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि मोकळ्या जागेत गाजरगवत घुसतं. खुराचा तळवाही सडतो. उंचवट्यावर मुरूम टाकून छोटा वाडगा (कुंपणाचं आवार) करा, पावसाच्या झडीत घोडा तिथे ठेवून वैरण तिथेच द्या. मूठभर मातीचा गोळा बोटाने दाबल्यावर फुटला, की वाफसा आला, घोडा रानात सोडायला हरकत नाही.

‘लीद पडेल तिथे खत’: घोडा लीद ठरावीक जागी टाकतो आणि तिथलं गवत टाळतो. म्हणजे एक कोपरा माजतो, बाकी रान उपाशी. शिवाय पावसाळी हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत जंतांच्या अळ्या लिदीतून गवतावर चढतात. आठवड्यातून दोनदा लीद उचला. कुळव मारून पसरायची तर कडक उन्हाळ्यातच. पावसात तुम्ही जंतच पेरता. घोड्यामागून गाई सोडा: घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्यात जगत नाहीत आणि टाळलेलं गवतही त्या खातात. उचललेली लीद ढिगात 55 अंशांपर्यंत तापू द्या, वरखाली करा, मगच रानात टाका. कच्च्या लिदीत तणांचं बी जिवंत असतं.

‘नेपियर पुरेसा’: सगळ्यात घातक सल्ला हाच. नेपियरमधलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही. गाईच्या पोटातले जिवाणू हे ऑक्झलेट आधीच मोडतात. घोड्यात ही सोय नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. काही महिन्यांनी घोडा अधूनमधून लंगडतो, नंतर तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी सुजतात. गव्हाच्या कोंड्यातलं फॉस्फरस यात भर घालतं, आणि आपल्याकडे तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या खाद्याच्या पिशवीत) कोंडाच जास्त. नेपियर थोडा ठेवा. मुख्य वैरण मारवेल गवत किंवा कडबा, जोडीला लसूणघास. सूज दिसायची वाट न पाहता कोंडा आजच कमी करा.